सहा सिलिंडरांची गाडी आणि वहिनींचा कान

आधीच सांगून टाकतो, वहिनींबद्दल मला तटस्थपणे वगैरे काही सांगता येणार नाही. चौतीस वर्षं आम्ही एका छपराखाली काम करतोय आणि त्यातली निदान तीस वर्षं भांडतोय. मी इंजिनवाला, त्या सायलेन्सरवाल्या. गाडीच्या पुढच्या अर्ध्यावर माझं राज्य, मागच्या अर्ध्यावर त्यांचं, आणि गिअरबॉक्सच्या खाली कुठेतरी आमची सरहद्द. तिथे रोज चकमकी झडतात. माझा थोरला भाऊ, म्हणजे त्यांचा नवरा, गाड्यांच्या बाबतीत ठार अडाणी. तो ग्रंथालयात नोकरीला होता. जन्मभर तोंडावर बोट ठेवून लोकांना गप्प बसवायचं काम केलं. नवराबायको दोघंही आवाज बंद करायच्याच धंद्यात, असं मी एकदा म्हणालो, तर वहिनी म्हणाल्या, "तुमचा तेवढा बंद करता आला नाही भाऊजी, एवढीच खंत आहे."

वर्कशॉप गल्लीच्या टोकाला आहे. पुढे दोन गाड्या उभ्या राहतील एवढं अंगण, आत लांबलचक शेड. डाव्या भिंतीवर माझे पाने आकारानं लावलेले, उजव्या भिंतीला वहिनींचे पत्रे उभे करून ठेवलेले, मधे पत्रा वळवायचा रोलर आणि वेल्डिंगचं मशीन. मागच्या दारातून तीन पायऱ्या चढलं की थेट घराचं स्वयंपाकघर. दादा रिटायर झाल्यापासून तिथे त्याचं राज्य आहे आणि चहा वेळेवर मिळतो. समोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे. आमचा ग्राइंडर सुरू झाला की पेशंटला वाटतं आपल्याच दाढेची तयारी चाललीय, अशी त्या डॉक्टरांची तक्रार आहे.

वहिनींचे वडील पत्र्याच्या पेट्या, बादल्या, तेलाची नरसाळी बनवायचे. दहाव्या वर्षापासून ह्या पत्रा कापत होत्या. आमच्या घरात आल्या तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं. लग्नाला चार महिने झाले असतील. बाबा आणि मी एका फाटक्या सायलेन्सरला ठिगळ लावत होतो. वहिनी चहा घेऊन आल्या, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊजी, शिवण उलटी घातलीय. पहिल्या खड्ड्यात उसवेल." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणालो, "तुम्हाला काय कळतंय यातलं?" त्यांनी पदर खोचला, कोपऱ्यातला पत्रा ओढला, कात्री मागितली, आणि अर्ध्या तासात एक नळकांडं वळून समोर ठेवलं. बाबांनी ते उचललं, बोटाच्या पेराने वाजवून बघितलं, परत वाजवून बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून मागचा भाग सूनबाईंकडे."

मी आठवडाभर बोललो नाही त्यांच्याशी. त्यांना त्याचं काही वाटलं नाही, त्या कामाला लागल्या होत्या.

त्यांची काम घ्यायची एक रीत आहे. गिऱ्हाईक आलं की बाकीचे लोक विचारतात, आवाज किती हवा, किती वेगानं पळवता. वहिनी विचारतात, "गाडीत तुमच्या शेजारी कोण बसतं?" लोक गोंधळतात. एकाने सांगितलं, कोणी नाही, मी एकटाच असतो. त्याला त्यांनी जरा गुरगुरणारा सायलेन्सर दिला. म्हणाल्या, बिचाऱ्याला सोबत हवी. एकाने सांगितलं, बायको बसते पण बोलत नाही. त्याला म्हणाल्या, आवाज कमी करून देते, मग बघा बोलते की नाही. तीन महिन्यांनी तो परत आला आणि म्हणाला, वहिनी, पहिला होता तोच लावा.

आता वकीलसाहेबांच्या गाडीकडे येतो.

गडद हिरव्या रंगाची, दोन दारांची, पंचेचाळीस वर्षं जुनी. बॉनेट एवढं लांब की त्याच्यावर जेवायला पंगत बसेल. आत सहा सिलिंडर, तीन कार्ब्युरेटर. बघितल्या बघितल्या माझ्या तोंडाला पाणी सुटलं. गाडी त्यांच्या मामांची. मामा गेले, गाडी भाच्याकडे आली. वकीलसाहेब स्वतः साठीचे, जपून बोलणारे. त्यांनी सांगितलं की आधी दोन ठिकाणी जाऊन आलेत. पहिल्या ठिकाणी एका व्हॅनचा सायलेन्सर बसवून दिला. आवाज गेला, पण गाडीला धाप लागायला लागली, चढावर इंजिन तापायचं. दुसऱ्या ठिकाणी तो काढून नुसता सरळ नळ लावून दिला. गाडी उडायला लागली, पण गल्लीतल्या लोकांनी सह्या करून अर्ज दिला.

"मला ताकद कमी व्हायला नकोय आणि आवाजही नकोय," वकीलसाहेब म्हणाले. "दोन्ही एकदम मिळत नाही असं सगळे म्हणतात."

"शेजारी कोण बसतं?" वहिनींनी विचारलं.

"आई. पंच्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या भावाची गाडी आहे ही. रोज संध्याकाळी फिरवून आण म्हणते. आणि गाडीत बसली की तिला बोलायचं असतं. तिचं मला ऐकू येत नाही, मग ती रागावते."

"मिळेल," वहिनी म्हणाल्या. "दोन्ही मिळेल."

मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "अहो, बघा तरी आधी गाडीखाली!" तर म्हणाल्या, "तुम्ही बघा. मी आईंना बघितलं." मावशी, म्हणजे वकिलांची आई, तोपर्यंत आमच्या स्वयंपाकघरात पोचून दादाला चहा कसा उकळायचा ते शिकवत होत्या.

सायलेन्सर कसा निवडायचा, हे वहिनींनी वकीलसाहेबांना जसं सांगितलं तसंच सांगतो, कारण मला यापेक्षा सोपं येत नाही. एक असतो खोल्यांचा. इंजिनातला धूर एका खोलीत शिरतो, भिंतीवर आपटतो, वळसा घेऊन दुसऱ्या खोलीत जातो, तिथून तिसऱ्या. आपटून आपटून आवाज मरतो, पण धूरही अडतो, आणि धूर अडला की इंजिनाचा जीव घुसमटतो. दुसरा असतो आरपार. समोरच्या दारातून शिरलं की सरळ मागच्या दारातून बाहेर. मधल्या नळाला सगळीकडून बारीक भोकं, आणि भोवती ग्लासवूल, म्हणजे काचेची लोकर, ठासून भरलेली. धूर न अडता निघून जातो आणि आवाज भोकांतून त्या लोकरीत जाऊन बसतो. पण त्याला पुरेशी लांबी द्यावी लागते. लोक जागा नाही म्हणून आखूड बसवतात आणि मग आरपारवाल्याला नावं ठेवतात.

"या गाडीला खाली जागाच जागा आहे," वहिनी म्हणाल्या. "आपण एकाच्या जागी दोन घेऊ, लांब लांब. पुढून दोन नळ वेगळे आणायचे, गिअरबॉक्सखाली एका छोट्या नळाने एकमेकांना जोडायचे, म्हणजे दोघांचे धक्के वाटले जातील."

नळाच्या जाडीवरून आमची जुंपली. माझं म्हणणं, सहा सिलिंडर आहेत, जाड नळ टाका, मोकळं होऊ दे. त्यांचं म्हणणं, जाड नळात धूर रेंगाळतो, रेंगाळला की थंड होतो, आणि मग मागच्याला ढकलावं लागतं. मी म्हणालो, ताकद माझा विषय आहे. त्या म्हणाल्या, मग ताकदीनं भांडू नका, मोजून दाखवा. झालं. दोन्ही प्रकारचे नळ तात्पुरते बांधले आणि पाण्याच्या टाकीच्या चढावर गाडी घेऊन गेलो. खालच्या विजेच्या खांबापासून वरच्या खांबापर्यंत, घड्याळ दादाच्या हातात. माझा जाड नळ तीनदा हरला. दादाला घड्याळ नीट लावता येत नाही असं मी म्हणून बघितलं, पण तिन्ही वेळा तसंच कसं होईल? मान खाली घालून परत आलो. वहिनींनी एका शब्दाने टोमणा मारला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

इथे मला एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

वहिनी फार पूर्वी एकदा म्हणाल्या होत्या, "हात थरथरले तर वेल्डिंग दुसरा करील. गुडघे गेले तर गाडी वर उचलून घेऊ. पण ज्या दिवशी माझा कान जाईल त्या दिवसापासून मी दुकानात पाय ठेवणार नाही. स्वतःला ऐकू येत नसताना लोकांना सायलेन्सर विकायचा ही शुद्ध फसवणूक आहे." हे त्या उगाच बोलल्या नव्हत्या. त्या उगाच बोलत नाहीत, ते खातं माझं आहे.

आणि गेली दोन वर्षं मी बघत होतो. त्यांचा मोबाइल टेबलावर वाजत राहायचा आणि त्या शेजारी बसून पत्र्यावर खूण करत असायच्या. स्वयंपाकघरात दादा ओरडेपर्यंत ओव्हनच्या बारीक टीं टींचा ह्यांना पत्ता नसायचा. जाड आवाज यायचा ऐकू. इंजिन घुमलं, दार आपटलं, मी ओरडलो, सगळं यायचं. बारीक, वरचे आवाज मात्र त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते. चौतीस वर्षं ग्राइंडरशेजारी काढल्यावर दुसरं काय होणार? मी कोणाला बोललो नाही. दादालाही नाही. बोललो असतो तर वहिनी घरी बसल्या असत्या, आणि त्या शेडमध्ये मी कोणाशी भांडणार होतो?

तर मी गप्प राहिलो. मला वाटलं आपण त्यांना सांभाळून घेतोय. स्वतःचं फार कौतुकही वाटायचं.

भोकांचा पत्रा ज्या दुकानातून आणायचो ते त्या आठवड्यात बंद होतं, म्हणून दुसरीकडून आणला. भोकं जरा मोठी होती आणि कडा धारदार. वहिनींनी हातमोज्यावरूनच चाचपला आणि म्हणाल्या चालेल. मीही म्हणालो चालेल. त्यांनी दोन लांब नळ वळले, लोकर ठासली, बाहेरचं कवच चढवलं. वेल्डिंग बघाल तर शिवणाच्या मशीनवर टीप मारल्यासारखं सरळ. चौथ्या दिवशी गाडी तयार झाली.

शेवटची तपासणी आमच्याकडे अशी होते: बॉनेट उघडायचं, मी एका बाजूने वाकून कार्ब्युरेटरची दांडी हाताने ओढत इंजिन हळूहळू चढवत न्यायचं, आणि वहिनींनी ऐकायचं. पूर्वी त्या मागे, नळाच्या तोंडापाशी, डोळे मिटून उभ्या राहायच्या. अलीकडे पुढे यायला लागल्या होत्या, बॉनेटच्या पलीकडे, माझ्या बरोब्बर समोर, डोळे उघडे. मला वाटायचं, हा माणूस इंजिन जास्त तर ताणत नाही ना, म्हणून पहारा देतायत.

मी इंजिन चढवलं. काय सांगू तुम्हाला! सहा सिलिंडर मिळून नुसता एक दीर्घ श्वास घेतल्यासारखा आवाज. माझ्या अंगावर काटा आला. आणखी चढवलं, आणि मग एका ठिकाणी, ना त्याच्या खाली ना वर, एक शिट्टी. बारीक. रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर मारली की येते तशी. भोकांच्या धारदार कडांवरून धूर जाताना वाजत होता, हे मला तिथल्या तिथे कळलं.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना काही ऐकू आलेलं नव्हतं, हेही मला तिथल्या तिथे कळलं. आता मी म्हणालो, शिट्टी येतेय, तर त्या म्हणणार, मला कशी नाही आली? आणि मग संपलंच. म्हणून मी चेहरा दगडासारखा केला. इंजिन खाली आणलं आणि म्हणालो, "झकास. एक नंबर."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय! तुम्हीच ऐकलंत ना?"

त्यांनी मान हलवली आणि हात पुसले. गाडी त्याच दिवशी गेली. मी मनात म्हटलं, वकीलसाहेबांना कुठे कळणार आहे, कोर्टात बसून बसून त्यांचे कान किटलेले.

वकीलसाहेबांना कळलंही नाही. कळलं ते मावशींना.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात. वकीलसाहेब ओशाळून उतरले. "गाडी फार सुंदर चालतेय हो. पण आई म्हणते..."

"कुठेतरी किटली ठेवलीय गॅसवर," मावशी आतूनच म्हणाल्या. "सारखी वाजतेय. मी याला दोनदा घरी परत नेलं बघायला. गॅस बंद होता."

पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला ऐकू येत होतं! मी घाईघाईने म्हणालो, "काचेचं रबर असेल हो. जुन्या गाडीत वारा शिरतो, वाजतं मग."

"काच खाली केली तरी वाजतं," मावशी म्हणाल्या. "आणि याने उभ्या गाडीला पेट्रोल दिलं तरी वाजते, तेव्हा वारा कुठून येतो?"

वहिनींनी मायलेकांना स्वयंपाकघरात बसवलं, दादाला चहा टाकायला सांगितलं, मागचं दार ओढून घेतलं आणि परत आल्या. बॉनेट उघडलं. "चढवा इंजिन," म्हणाल्या. मी चढवलं. शिट्टी वाजली. त्या माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होत्या.

"वाजतंय?"

"वहिनी, मी सांगतो ना, रबर..."

"भाऊजी, वाजतंय का?"

माझा तोल सुटला. "वाजतंय!" मी ओरडलो. "त्या दिवशीही वाजत होतं! सगळ्यांना ऐकू येतं, तुम्हाला येत नाही! दोन वर्षं झाली, फोन ऐकू येत नाही, ओव्हन ऐकू येत नाही, आणि मी मेलो गप्प बसून! सांगितलं असतं तर तुम्ही दुकान सोडलं असतं!" एवढं बोललो आणि जीभ चावली. इंजिन बंद केलं.

वहिनी बाकावर बसल्या. मला वाटलं आता रडतील. मी त्यांना रडताना कधी बघितलेलं नाही, बाबा गेले तेव्हासुद्धा नाही.

"दोन नाही," त्या म्हणाल्या. "चार."

"काय चार?"

"चार वर्षं झाली. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेय मी. वरचे आवाज गेलेत, येणार नाहीत म्हणाले. मशीन घेतलं होतं, पण ग्राइंडरपाशी ते नुसतं किंचाळतं. तुमच्या दादांना माहीत आहे."

मी उभ्याचा उभा राहिलो. "मग ही चार वर्षं काम कसं केलंत?"

"तुमच्याकडे बघून," त्या म्हणाल्या. "तुमचा कान माझ्या चांगल्या दिवसांतल्या कानापेक्षा बरा आहे भाऊजी. तुम्हाला माहीत नाही, पण बारीकसं काही वाजलं की तुमची डावी भुवई वर जाते. फार वाजलं तर दोन्ही. घुमायला लागलं तर तुम्ही हनुवटी आत घेता. मी तुमच्या समोर उभी राहते ती काय शोभा म्हणून? चार वर्षांत एक काम परत आलं नाही. एक सुद्धा."

मी विचारलं, "मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही चेहरे करायला लागला असता. तुम्हाला काय मी ओळखत नाही?" मग म्हणाल्या, "आणि कान गेला तर दुकान सोडीन म्हणाले होते, ते लक्षात होतं माझ्या. पण मी म्हटलं, कान गेला कुठे? समोर तर उभा आहे. फक्त परवा तो माझ्याशी खोटं बोलला."

हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर मी उलट बोललो असतो. साध्या आवाजात म्हणाल्या. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. मी त्यांना वाचवायला निघालो होतो, आणि चार वर्षांत त्यांच्या हातून परत आलेलं पहिलं काम माझ्यामुळे परत आलं होतं.

"आता ऐका," त्या उठल्या. "मी उद्या नळ बदलून देईन. बारीक भोकांचा पत्रा घेऊ, गुळगुळीत बाजू आत. शिट्टी जाईल. पण ती गेली की नाही, हे मला कळणार नाही. कधीच कळणार नाही. तुम्ही सांगाल ते मी खरं धरणार, आणि त्यावर माझ्या नावाने गाडी बाहेर जाणार. मला वाईट वाटेल, राग येईल, रात्रीची झोप जाईल, याचा विचार करून सांगणार असाल तर आत्ताच बोला. मी परवापासून घरी बसते. तुमच्या दादांना तेवढीच मदत होईल."

"नाही," मी म्हणालो. "खरं सांगीन."

"बघू," वहिनी म्हणाल्या, आणि दार उघडून मावशींना सांगायला गेल्या की किटली त्यांच्या घरात नाही, आमच्या सायलेन्सरात आहे.

पत्रा नेहमीच्या दुकानातून आला. दुसऱ्या दिवशी दोन्ही सायलेन्सर कापून उघडले, नळ नवे वळले, आणि या वेळी हातमोजे काढून वहिनींनी नळाच्या आतून बोटं फिरवली, इंच इंच. मीही फिरवली. तिसऱ्या दिवशी दुपारी मायलेक आले. वहिनी म्हणाल्या, अंगणात नको, गाडीत बसून ऐकू. वकीलसाहेब चालवायला, मावशी त्यांच्या शेजारी, आणि मागच्या दीड वितीच्या सीटवर वहिनी आणि मी, गुडघे हनुवटीला लावून.

निघण्याआधी वहिनींनी सरळ सांगून टाकलं. "वकीलसाहेब, मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. म्हणून मागच्या वेळी चूक झाली. या वेळी भाऊजी ऐकतील."

वकीलसाहेब आरशातून त्यांच्याकडे बघत राहिले. मावशी मात्र मागे वळून म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. मला गुडघ्यांचं सांगायला सहा वर्षं लागली."

टाकीच्या चढाला लागलो. मावशी भावाबद्दल सांगत होत्या. त्याने ही गाडी आणली तेव्हा सगळ्या बहिणींना कसं कोंबून फिरवलं होतं, एकीची चप्पल कशी रस्त्यात राहिली. मागे बसून मला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता, आणि खालून इंजिन असं खेचत होतं की पाठ सीटला चिकटली होती. दोन्ही एकदम. वहिनींनी सांगितलं होतं तसंच. इंजिन त्या ठरावीक जागेपाशी आलं. शिट्टी नाही. वर गेलं, परत खाली आलं. नाही म्हणजे नाही.

"गेली!" वकीलसाहेब खूश झाले. "आई, ऐकतेयस ना?"

"किटली उतरवली बाई कोणीतरी," मावशी म्हणाल्या.

वरच्या खांबापाशी गाडी वळवली आणि उताराला लागलो. वकीलसाहेबांनी पेट्रोलवरचा पाय काढला. आणि मला मागच्या बाजूला काहीतरी ऐकू आलं. तडतड. अगदी बारीक, तेल तापताना दोन थेंब पाण्याचे पडावेत एवढीच. पाय काढला की यायची, पाय ठेवला की जायची. गिअरबॉक्सखाली दोन नळ जोडले होते, तिथल्या उजव्या सांध्यातून हवा शिरली की मागच्या नळात अशी तडतड होते. सांधा माझ्या सरहद्दीजवळचा होता, पण त्यावरचं वेल्डिंग वहिनींचं होतं.

मी आजूबाजूला बघितलं. वकीलसाहेब हसत होते. मावशींनी डोळे मिटून डोकं मागे टेकलं होतं. त्या दोघांना ती तडतड जन्मात ऐकू आली नसती. गाडी दहा वर्षं तशी चालली असती तरी कोणाचं काही बिघडलं नसतं. आणि वहिनींना आजचा दिवस मिळायला हवा होता, असं मला मनापासून वाटत होतं. चार वर्षं माणसाच्या भुवया वाचत काढली त्यांनी.

वहिनी माझ्याकडे बघत नव्हत्या. मुद्दाम खिडकीतून बाहेर बघत बसल्या होत्या.

"काय भाऊजी?" त्यांनी तोंड न वळवता विचारलं.

"शिट्टी गेली," मी म्हणालो. "पण उतारावर पाय काढला की मागं तडतडतंय. तुमचा मधला सांधा. उजव्या बाजूचा."

"मला तर काहीच नाही ऐकू आलं," वकीलसाहेब म्हणाले.

"मलाही नाही," मावशी डोळे मिटूनच म्हणाल्या. "छान तर चाललीय. कशाला उगाच खुसपट काढतोस?"

वहिनींनी मला पुन्हा विचारलं नाही. नक्की का, असंसुद्धा नाही. त्या पुढे वाकल्या, वकीलसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तडतडतंय. गाडी दुकानाकडे घ्या."